कंपनी येईल तेव्हा येईल, आधी आमचं बिल काढा

विमान आलं, वंदे भारत आली, आता आयटी पार्क कधी आणि मोठी कंपनी कधी, हे सोलापुरात चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत कुठंही ऐकायला मिळतं. मला त्यात वाईट काही वाटत नाही, पोरं शिकून पुण्याला जातात आणि तिकडंच फ्लॅट घेतात, आईबापाला पोरगं जवळ असावं असं वाटणारच की. पण असा विषय काढणारा माणूस धंदेवाला असेल, म्हणजे टॉवेलचा, युनिफॉर्मचा, कांद्याचा, डाळीचा, कशाचाही, तर मी त्याला हळूच विचारतो, मालक तुमचं मागचं पेमेंट किती दिवसांनी आलं? मग आयटी पार्क बाजूला राहतो आणि माणूस खरं बोलायला लागतो.

मी लोकांचे हिशोब लिहायचं काम करतो, जीएसटी, रिटर्न, बँकेची फाईल वगैरे, त्यामुळं चार लोकांच्या वह्या बघायला मिळतात. त्या बघून माझं एक मत पक्कं झालंय, आणि ते मत विकासावर भाषण देणाऱ्या कुणाच्या तोंडून मी अजून ऐकलेलं नाही. आपल्या जिल्ह्यात धंदा वाढत नाही तो माल नाही म्हणून नाही, कष्ट करायला माणूस नाही म्हणून पण नाही. काम आज होतं आणि पैसे कधी मिळतील ते कुणीच सांगू शकत नाही, म्हणून वाढत नाही. पैसा अडकतो. आणि तो एका माणसाकडं अडकत नाही, एकाचा अडकला की त्याच्या मागच्या पाच जणांचा अडकतो.

माल बघायला गेलं तर काय कमी आहे ओ? सोलापुरी चादर आणि टॉवेल, दोन्हीला जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावानं मिळणारं मानांकन. मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय, सोलापूरच्या डाळिंबाला जीआय, आणि डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्रच आपल्या केगावला २००५ पासून आहे. करमाळ्याच्या कंदर भागातली केळी कंटेनर भरून परदेशात जातात, पंढरपुरात बेदाण्याचे सौदे होतात, बार्शीत डाळ मिल आहेत, सोलापूरच्या मार्केट यार्डात सीझनला दिवसाला शेकड्यानं कांद्याचे ट्रक लागतात. साखर कारखाने तीसच्या वर. २०११ च्या जनगणनेत जिल्हा ४३ लाखांचा होता, अकरा तालुके, आणि त्यात अकलूज, टेंभुर्णी, बार्शी, सांगोला अशी बाजारपेठेची चांगली गावं. ज्या जिल्ह्यात एवढं पिकतं आणि एवढं बनतं तो जिल्हा मागास का वाटतो, याचं उत्तर मला तरी वहीच्या 'येणे' बाजूला सापडतं.

सगळ्यात आधी ऊस, कारण जिल्ह्यातला सगळ्यात मोठा पैसा तिथून येतो. कायदा १९६६ सालचा आहे, ऊस नियंत्रण आदेश. ऊस कारखान्याला गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायची, नाही दिली तर वर्षाला १५ टक्के व्याज. कागदावर याच्यापेक्षा चांगला कायदा काय पाहिजे? प्रत्यक्षात काही कारखाने वेळेवर देतात, त्यांचं नाव घेतलं पाहिजे, पण बऱ्याच ठिकाणी डिसेंबरात तुटलेल्या उसाचं बिल मार्चला, एप्रिलला, कधी पुढच्या पोळ्याला, आणि व्याजाचं तर नावच काढायचं नाही. मग दरवर्षी ठरलेलं, संघटनेचा मोर्चा, साखर आयुक्तांची आरआरसी म्हणजे जप्ती करून वसुलीचा आदेश, तहसीलदाराची नोटीस, आणि पुढची तारीख.

शेतकऱ्याला त्रास होतो हे सगळे बोलतात. पण बाजारपेठेचं काय होतं ते कुणी बोलत नाही. शेतकऱ्याच्या सोसायटीच्या कर्जाला मुदतीत भरलं तर तीन लाखापर्यंत शून्य टक्के व्याज आहे, पंजाबराव देशमुख योजनेतनं. बिल उशिरा आलं की मुदत हुकते, मुदत हुकली की सवलत गेली, आणि थकबाकीदार म्हणून नवीन कर्ज पण नाही. म्हणजे ज्या माणसाचं कारखान्याकडं दोन लाख येणं आहे तोच माणूस बँकेच्या यादीत डिफॉल्टर. मग तो खताच्या दुकानात म्हणतो 'ऊसबिल आलं की देतो'. हार्डवेअरवाल्याला तेच सांगतो, कापडवाल्याला तेच, पोराच्या क्लासवाल्या सरांना पण तेच. खताच्या दुकानदाराची उधारीची वही जाड होते, तो कंपनीला पेमेंट करू शकत नाही, कंपनी त्याचा कॅश डिस्काउंट कापते, तो खताची गोणी उधारीवाल्याला चार पैसे जास्त लावून देतो, आणि शेवटी उशिराचं व्याज फिरून शेतकऱ्याच्याच अंगावर येतं. मोहोळ, माढा, माळशिरस कुठल्याही तालुक्यात जा, दुकानदाराला विचारा सीझन कधी, तो दिवाळी नाही सांगणार, बिल निघालं की सीझन असं सांगेल.

कारखानदारांची बाजू पण आहे आणि ती मी खोटी म्हणणार नाही. ऊस चार महिन्यांत येतो, पैसे १४ दिवसांत द्यायचे, आणि साखर मात्र केंद्र सरकारच्या महिन्याच्या कोट्यानं वर्षभर विकायची. २०१९ ला साखरेचा किमान विक्री दर किलोला ३१ रुपये ठरला आणि नंतर कित्येक वर्षं तो तिथंच बसला, तोपर्यंत एफआरपी क्विंटलला २७५ वरनं २०२५-२६ ला ३५५ वर गेली. इथेनॉलमध्ये पैसा घाला म्हणून सरकारनं सांगितलं, लोकांनी कर्ज काढून डिस्टिलरी उभ्या केल्या, आणि डिसेंबर २०२३ ला उसाच्या रसापासनं इथेनॉलवर निर्बंध आले. हे सगळं खरं. पण हिशोबाच्या भाषेत याचा अर्थ एवढाच निघतो की कारखान्याचं खेळतं भांडवल शेतकरी पुरवतोय, बिनव्याजी आणि न विचारता. बँकेनं दिलं असतं तर तारण मागितलं असतं. राज्य सरकारनं तर २०२२ ला एफआरपी दोन टप्प्यांत द्यायची सोय करून दिली होती, ती मार्च २०२५ ला मुंबई हायकोर्टानं रद्द केली. बरं झालं रद्द झाली.

कांद्याचं थोडक्यात सांगतो कारण ते सगळ्यांना माहिती आहे. फेब्रुवारी २०२३ ला बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरला ५१२ किलो कांदा आणला, हमाली, तोलाई, गाडीभाडं जाऊन हातात दोन रुपयांचा चेक. देशभर फोटो फिरला. सगळे दोन रुपयांवर बोलले, ते बरोबरच आहे, भाव पडला होता आणि तो व्यापाऱ्याच्या हातात पण नव्हता. मला मात्र दुसरी गोष्ट खटकली. तो चेक पुढच्या तारखेचा होता. दोन रुपयासाठी पण थांबा! भाव आपल्या जिल्ह्याच्या हातात नाही, निर्यातबंदी दिल्लीत ठरते, पाऊस कुठं ठरतो ते माहिती नाही. पण तारीख? तारीख तर इथंच ठरते, मार्केट यार्डात, सोलापुरात, ती कुणी का बदलू शकत नाही?

आता उलटं उदाहरण बघा, दुधाचं. सांगोला, माळशिरस, पंढरपूर, करमाळा या पट्ट्यात संकलन केंद्रावर संध्याकाळी उभं राहून बघा. बाई कॅन घेऊन येते, मशीनमध्ये फॅट, एसएनएफ म्हणजे दुधाचा कस निघतो, लिटर लिहिलं जातं, स्लिप हातात. दहा दिवस झाले की दुधाचा पगार, बहुतेक ठिकाणी खात्यावर. त्यातनं पेंडीचे पैसे कापून घेतलेले असतात, ॲडव्हान्सचा हप्ता कापलेला असतो, भाव तर २०२३-२४ ला असा पडला होता की गाय सांभाळणं पण परवडत नव्हतं. धंदा काही सोन्याचा नाही. तरी पण त्या दहा दिवसाच्या पगारानं गावात काय काय उभं राहिलंय ते मोजा. पेंडीचं दुकान, कुट्टी मशीन दुरुस्त करणारा, मुरघासाच्या बॅगा भरून विकणारी पोरं, खासगी जनावरांचा डॉक्टर, कॅन घेऊन फिरणारा छोटा टेम्पो. हे सगळे धंदे कुठल्या योजनेतनं आले नाहीत, कुणी उद्घाटन केलं नाही. पैसा दहा दिवसाला येतो हे पक्कं असल्यामुळं आले. गाय घ्यायला कर्ज देणारा पण लगेच तयार होतो, कारण हप्ता कुठनं येणार ते त्याला दिसतं. बचत गटातल्या बायका सांगतील, दूधवालीचा हप्ता चुकत नाही.

ऊस एकरी जास्त पैसे देत असेल पण तो पैसा गावात एकदाच येतो आणि आधीच्या उधारीत बुडून जातो. दुधाचा कमी असला तरी महिन्याला तीनदा बाजारातनं फिरतो. अर्थशास्त्रातलं मोठं नाव मला याला देता येणार नाही, पण वही लिहिणाऱ्याला हे डोळ्यांनी दिसतं.

आणि गंमत अशी की याच दुधाला सरकारनं जानेवारी २०२४ पासनं लिटरला पाच रुपये अनुदान जाहीर केलं, गाईच्या कानाला टॅग पाहिजे, फॅट-एसएनएफ ठरलेला पाहिजे, माहिती ऑनलाईन भरलेली पाहिजे, हे सगळं लोकांनी केलं आणि मग अनुदानाची वाट बघत बसले. डेअरी दहा दिवसाला पैसे देते आणि सरकार महिनोन्‌महिने लावतं, आणि वर उद्योजकता शिबिर पण सरकारच घेणार.

आता शहरात या. अक्कलकोट रोड एमआयडीसी आणि पूर्व भाग, आपला यंत्रमाग. जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी बंद पडल्या आणि कापडाचं सोलापूर संपलं असं बाहेरचे समजतात, पण माग अजून चालू आहेत, जेकॉर्ड चालू आहे, टॉवेल परदेशात जातोय. फक्त वाढत नाही. का वाढत नाही ते एका छोट्या कारखानदाराच्या हिशोबानं सांगतो, आकडे समजायला सोपे म्हणून धरलेत, पण कुणालाही दाखवा, नाही म्हणणार नाही.

धरा की त्याचा महिन्याचा खर्च सहा लाख आहे. सूत, सायझिंग, डाईंग, वीज, मजुरी. सूत चाटी गल्लीतनं घ्या नाहीतर कुठनंही घ्या, रोखीत नाहीतर फार तर पंधरा दिवस. कामगाराला आठवड्याला द्यायचं, तो थांबू शकत नाही. प्रोसेसवाला पैसे दिल्याशिवाय माल सोडत नाही. वीज बिल तर थांबतच नाही. आणि दिसावरची म्हणजे बाहेरगावची पार्टी, मुंबई, दिल्ली, हैदराबाद, तिचं पेमेंट नव्वद दिवसांनी, तेही म्हणायचे नव्वद. म्हणजे मधले पंच्याहत्तर दिवस, अडीच महिने, त्याचे पंधरा लाख कायम बाहेर. ते पंधरा लाख त्यानं महिना दीड टक्क्यानं उचललेत असं समजा, महिन्याला साडेबावीस हजार व्याज. सहा लाखावर त्याला पाच टक्के सुटतात म्हणजे तीस हजार. राहिले किती? साडेसात हजार. दोन पिढ्यांचा धंदा, आठ माग, घरातली तीन माणसं राबतात आणि सुटतात साडेसात हजार, आणि आपण त्याला सांगतो की अरे शटललेस माग घे, डिझाईन बदल, ब्रँड कर, ॲमेझॉनवर जा. कशातनं करणार तो? त्याचा नफा त्याच्या गिऱ्हाईकानं आणि सावकारानं वाटून घेतलाय.

मी बघितलेल्या एका वहीत पार्टीचे चेक प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवलेले असायचे, रबर बँड लावून, तारखेप्रमाणे, आणि वरच्या दोन-तीन चेकवर पेन्सिलनं लिहिलेलं, 'फोन करून टाकणे'. म्हणजे तारीख आली तरी बँकेत टाकायचा नाही, आधी पार्टीला विचारायचं टाकू का. बाऊन्स झाला तर आपल्याच खात्याला चार्ज आणि संबंध पण खराब.

कायदा इथं पण आहे ओ. एमएसएमई कायदा २००६ चा. छोट्या उत्पादकाचं पेमेंट, लेखी ठरलं असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, ठरलं नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, चक्रवाढ व्याज. तक्रारीला २०१७ पासनं समाधान पोर्टल. आणि २०२३-२४ पासनं इन्कम टॅक्समध्ये ४३बी(एच) आलं, म्हणजे मायक्रो किंवा स्मॉल उत्पादकाचं बिल घेणाऱ्यानं मुदतीत दिलं नाही तर तो खर्च त्याला त्या वर्षी धरता येत नाही, टॅक्स जास्त बसतो. हे कलम आलं तेव्हा मार्चच्या शेवटी काही लोकांना खरंच अचानक पेमेंट आली, आयुष्यात पहिल्यांदा पार्टीनं स्वतःहून फोन केला असं एकानं सांगितलं. पण लगेच दुसरी बाजू पण दिसली. पार्ट्या म्हणायला लागल्या की तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोटा उद्योग म्हणून असलेली सरकारी नोंद, रद्द करा, नाहीतर आम्ही दुसरीकडनं घेतो. कापडाच्या बाजारात देशभर हीच ओरड होती. आणि लोकांनी रद्द केलं पण! कारण समाधान पोर्टलवर तक्रार करणारा माणूस जिंकला तरी गिऱ्हाईक गमावतो, आणि आपल्याकडं एका-एका कारखानदाराची निम्मी विक्री एकाच पार्टीला असते. शिवाय व्यापारी म्हणून ज्याची नोंद आहे त्याला या मुदतीचं संरक्षणच नाही, म्हणजे डाळीचा, बेदाण्याचा, कांद्याचा छोटा व्यापारी बाहेरच.

यात बँकेनं मधे उभं राहायला पाहिजे होतं. पूर्वी राहायची. छोट्या माणसाला ओळखणारी बँक म्हणजे सहकारी बँक, मॅनेजर बाजारात फिरायचा, कुणाचा माल कुठं जातो ते त्याला माहिती असायचं. पण जिल्हा बँकेवर २०१८ ला प्रशासक आला, मोठ्या थकबाकीत कोण होतं ते जिल्ह्याला सांगायला नको. शहरातल्या लक्ष्मी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ ला रद्द केला. ठेवीदारांना विम्याचे पाच लाखांपर्यंत मिळतात पण ज्याचं कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्याचं चालू कर्ज, तिथं होतं त्यानं नवीन बँकेत जाऊन पहिल्यापासनं सुरू करायचं, आणि नवीन बँक म्हणणार फ्लॅटचं तारण द्या. येणं असलेल्या बिलावर कर्ज द्यायची तिची तयारी नाही. मग राहतं काय, सोनं तारण आणि खासगी फायनान्स. विडी करणाऱ्या बायकांच्या घरी मायक्रोफायनान्सचे तीन-तीन हप्ते चालू असतात, ती गोष्ट वेगळी आहे आणि जास्त वाईट आहे, तिच्यावर कधीतरी वेगळं लिहायला पाहिजे.

सरकारची मोठी गोष्ट युनिफॉर्मची. सोलापुरात रेडिमेड आणि युनिफॉर्मचा धंदा हाताला काम देणारा धंदा आहे, घरोघरी शिलाई चालते, २०१७ पासनं युनिफॉर्मचं प्रदर्शन पण भरायला लागलं, बाहेरनं खरेदीदार आले. मग २०२४ ला राज्य सरकारनं ठरवलं की सगळ्या सरकारी शाळांचा गणवेश एकच, कापड राज्यातनं एकदम खरेदी, शिलाई बचत गटांकडं. झालं काय, जूनमध्ये शाळा सुरू झाल्या आणि पोरांना कपडे कित्येक महिने मिळाले नाहीत. डिसेंबर २०२४ ला निर्णय फिरवला, खरेदी परत शाळा व्यवस्थापन समितीकडं. मला हा फिरवलेला निर्णय फार महत्त्वाचा वाटतो. शाळा समिती जवळच्या माणसाकडनं घेते, पोराला शर्ट आखूड झाला तर त्याला बोलावून बदलून घेते, आणि पैसे गावातल्या माणसाच्या खात्यावर जातात. फक्त एक अडचण, शाळेच्या खात्यावर निधी आला तर. शिवणारा मे महिन्यात कापड घेणार आणि अनुदान उशिरा आलं तर त्याची दिवाळी उधारीत.

म्हणून मी म्हणतो की जिल्ह्याचा विकास करायचा असेल तर नवीन योजना वर्षभर काढू नका, जुनी बिलं काढा. ठिबकचं अनुदान, यंत्रमागाची वीज सवलत, ग्रामपंचायतीच्या कामाची बिलं, बचत गटाच्या पोषण आहाराचे पैसे. हे पैसे मंजूर झालेलेच आहेत, कुणाकडं हात पसरायचा नाही. नवीन कंपनी आणायला जमीन पाहिजे, पाणी पाहिजे, उजनीचं पाणी आधीच किती जणांत वाटायचं ते ठरत नाही. वेळेवर बिल काढायला उजनी लागत नाही.

यावर मला दोन उत्तरं कायम मिळतात. पहिलं, उधारीशिवाय धंदा होतच नाही. मान्य आहे. मी उधारीच्या विरोधात नाहीच. नव्वद दिवसांची उधारी असू दे, पण नव्वद म्हणजे नव्वद. तारीख पक्की असेल तर कारखानदार भावात व्याज धरतो, बिलावर बँक पैसे देते, सूतवाला पण थांबतो. तारीख नसलेली उधारी कुणालाच किंमत लावता येत नाही. दुसरं उत्तर, एक मोठी कंपनी आली की सगळं बदलेल. आल्या की मोठ्या गोष्टी. दक्षिण सोलापुरात एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा प्रकल्प आला, त्याच्यामुळं टॉवेलवाल्याचं पेमेंट एक दिवस लवकर आलं का? कंपनी आली तरी तिला बॉक्स, कपडे, गाड्या, जेवण पुरवणारी इथलीच माणसं असणार, आणि त्यांना पण नव्वद दिवसच थांबावं लागलं तर ती पण अशीच सुकणार. आपल्याकडं चांगल्या कंपन्या आहेत, त्यांना सप्लाय करणाऱ्या छोट्या शेडवाल्याला विचारा त्याला कंपनीचा अभिमान जास्त आहे का पेमेंटची काळजी जास्त आहे.

करता येण्यासारखं बरंच आहे आणि त्यात कुणाला दिल्लीला जायची गरज नाही. २०२१ ला साखर आयुक्तालयानं कारखान्यांची रंग लावून यादी काढली होती, वेळेवर देणारे हिरवे, बुडवणारे लाल. शेतकऱ्यानं ऊस घालायच्या आधी बघावं म्हणून. लाल रंगात आपल्या जिल्ह्यातली नावं बरीच होती आणि त्या यादीनं जेवढी पळापळ झाली तेवढी नोटिशीनं होत नाही. तशी यादी दरवर्षी गाळप सुरू व्हायच्या आधी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली पाहिजे. आणि फक्त कारखान्यांची कशाला, झेडपी, महापालिका, प्रत्येक सरकारी खातं, कुणी सरासरी किती दिवसांत बिल दिलं, हे जिल्हाधिकारी कार्यालयानं महिन्याला छापावं. नियोजन समितीच्या बैठकीत किती निधी खर्च झाला यावर भांडण होतं, तो निधी ज्याच्या हातात पडायचा त्याच्या हातात कधी पडला यावर भांडलेला एक तरी सदस्य मला दाखवा.

बाजार समित्यांकडं शेतमाल तारण योजना आहे, पणन मंडळाची, तूर, हरभरा, ज्वारी, सोयाबीन, बेदाणा गोदामात ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा टक्के व्याज, सहा महिने. इतकी चांगली योजना आहे की बार्शी, मंगळवेढा, पंढरपूर भागात तिच्यासाठी रांग लागायला पाहिजे. लागत नाही, कारण बऱ्याच समित्या मनावर घेत नाहीत, गोदामात जागा नाही म्हणतात, आणि आडत्याला तर माल लगेच विकलेलाच बरा. ज्वारी सुगीत विकणारा आणि चार महिन्यांनी विकणारा यांच्यात जो फरक पडतो तो फरक म्हणजेच त्या शेतकऱ्याचं पुढच्या धंद्याचं भांडवल.

मोठ्या खरेदीदारांसाठी ट्रेड्स नावाची सोय आहे, बिल ऑनलाईन टाकायचं, खरेदीदारानं मान्य केलं की बँका बोली लावून दोन-तीन दिवसांत पैसे देतात. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना त्यावर येणं आता बंधनकारक केलंय. आपल्या व्यापाऱ्यांच्या चेंबरनं, यंत्रमागधारकांच्या संघानं, रेडिमेडवाल्यांनी एवढं जरी केलं की आपले खरेदीदार त्या यादीत कोण आहेत ते शोधून सगळ्यांनी मिळून त्यांना पत्र द्यायचं, एकट्यानं नाही, तर एकट्याचं गिऱ्हाईक तुटायची भीती कमी होते. सध्या संघाच्या मीटिंगमध्ये वीजदर आणि सत्कार हे दोनच विषय मोठे असतात.

माझ्या ओळखीच्या एक ताई दक्षिण सोलापुरातल्या गावात कडक भाकरीचं काम करतात, सहा-सात बायका हाताशी. ज्वारीचं पीठ, पातळ थापलेली भाकरी, तव्यावर फडक्यानं दाबत दाबत पापडासारखी कडक करायची, हाताला चटका बसतोच. सोबत शेंगा चटणी. पुण्याच्या दुकानांतनं मागणी भरपूर, पण दुकानदार म्हणायचा, विकलं की देतो, आणि उरलेली पाकीटं परत. परत आलेल्या पाकिटात निम्म्या भाकरीचा चुरा. ताईंनी मागच्या वर्षी दुकानं बंद केली आणि फोनवर ऑर्डर, आधी पैसे मग पार्सल, असं सुरू केलं. विक्री निम्म्यावर आली. पण बायकांना शनिवारी पैसे मिळायला लागले, ज्या दोघी सोडून गेल्या होत्या त्या परत आल्या, आणि आता विक्री हळूहळू चढतीय. सगळ्यांना असं करता येत नाही हे मला कळतं, टॉवेलचा कंटेनर कुणी आधी पैसे देऊन घेत नाही. पण कुठल्या गिऱ्हाईकाला नाही म्हणायचं हे ठरवायला पण हिशोब यावा लागतो, आणि आपल्याकडं विक्रीचा आकडा सगळे सांगतात, पैसे यायला लागलेले दिवस कुणी मोजत नाही.

ज्यांचं छोटं युनिट आहे त्यांनी निदान कागद तरी पक्का ठेवा. उद्यम नोंदणी फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. तो नंबर बिलावर छापा. पेमेंटची मुदत बिलावर लिहा, ऑर्डर घेताना व्हॉट्सॲपवर का होईना लिहून घ्या. माल पोचल्याची तारीख आणि सही ठेवा, कारण मुदत माल स्वीकारल्यापासनं मोजतात, बिलाच्या तारखेपासनं नाही. आणि कुठल्या पार्टीनं उद्यम रद्द कर म्हणून सांगितलं तर रद्द करायच्या आधी त्या पार्टीचं मागच्या वर्षीचं लेजर काढा, येणं सरासरी किती दिवस राहिलं बघा, त्याच्यावर दीड टक्क्यानं व्याज लावा, आणि मग ठरवा की ते गिऱ्हाईक ठेवायचं का नाही.